बीजीएमआयची रँक क्राऊनला अडकली, सारखं तसंच मरायलात? नवीन फोन घ्यायच्या आधी हे करून बघा

बीजीएमआय म्हणजे मोबाईलवरचा बंदुकांचा गेम, शंभर जण उतरतात अन शेवटपर्यंत टिकलं ते जिंकतं. त्यात प्रॉब्लेम एकच अन तो दर सीझनला परत येतो. ब्राँझ, सिल्वर, गोल्ड भराभरा होतं, प्लॅटिनम-डायमंडपर्यंत रडतखडत का होईना गाडी जाती, अन क्राऊनला गेलं की जी अडकती ती अडकतीच, दोन मॅचमधी जे पॉइंट कमवायचे ते तिसऱ्या मॅचला उतरल्या उतरल्या मरून घालवायचे, रोज रात्री तेच. मग पोरगं वैतागून दुसऱ्या दिवशी दुकानात उभं, "भैय्या फोन लॅग मारायलाय, टच बघा, नायतर बोर्डात काय झालंय का ते तरी बघा." परभणीत माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, शटर ओढल्यावर रात्री मी पण खेळतो, त्यामुळं गेमवाल्या पोरांची माझ्याकडं गर्दी असती. अन खरं सांगतो, त्यातल्या बऱ्याच फोनला काहीच झालेलं नसतं. फोन ठणठणीत असतो, पोराला एकाच पद्धतीनं मरायची सवय लागलेली असती.

म्हणून फोन बघायचाच नाही असं नाही. कधीकधी खरंच फोनच असतो, अन तो आधी निकालात काढल्याशिवाय पुढचं काही बोलण्यात अर्थ नाही, कारण नेटवर्कवर ढकलायची सोय राहिली की माणूस दुसरीकडं बघतच नाही.

आधी फोन अन नेट तपासून मोकळं व्हा

पिंग बघा. मॅच चालू असताना स्क्रीनच्या कडेला तो आकडा असतो, तुमच्या बोटाची खबर सर्व्हरला जाऊन परत यायला किती मिलीसेकंद लागले ते. ५० च्या आत असंल तर नेटवर्कचं नाव काढायचं नाही. १०० च्या पुढं गेला की जाणवायला लागतं, अन नुसत्या जास्त पिंगपेक्षा नाचणारा पिंग लई वाईट, ४० वरून २०० अन परत ४०, त्याला हातच बसत नाही. "भिंतीआड गेलो होतो तरी मेलो" ही तक्रार रोज ऐकतो, ती बऱ्याचदा खरी असती, कारण तुम्ही तुमच्या स्क्रीनवर आत गेलेले असता पण ती खबर सर्व्हरला अन तिथून समोरच्याच्या फोनवर पोचायच्या आधी त्याला तुम्ही अजून बाहेरच दिसता, त्यानं त्याच्या हिशोबानं बरोबर मारलेलं असतं. यावर उपाय म्हणजे अर्धं अंग बाहेर ठेवून "आलो आलो, झालं" करत बसायचं नाही, कव्हरला जायचं तर अर्धा सेकंद आधी जायचं. म्हणजे बघा, नेटवर्कचा फॉल्ट असला तरी त्यातला थोडा भाग आपल्याच हातात असतो.

वायफाय असंल तर राउटर कुठल्या खोलीत आहे ते बघा. ५ गिगाहर्ट्झचं कनेक्शन जवळ बसलं तर चांगलं, पण आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या, मातीच्या नायतर दगडी जाड भिंतीतून ते जात नाही, तिथं २.४ च पोचतं. दोन्हीवर एकेक मॅच खेळून पिंग बघितला की कळतं. मोबाईल डेटावर असाल तर संध्याकाळी आठ ते अकरा टॉवरवर सगळं गाव लोंबकळलेलं असतं, तीच मॅच सकाळी सहाला खेळून बघा. सकाळी पिंग चांगला, रात्री वाईट, तर टॉवरचं भांडण आहे, तुमचं नाही.

मग गरमी. उन्हाळ्यात आपल्या परभणीचा पारा ४२-४३ ला जातो, वरून पत्र्याची खोली, फोनला जाड कव्हर, अन चार्जर लावून खेळायचं. फोन तापला की स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतो, त्याला तसंच बनवलेलं असतं. सेकंदाला ६० फ्रेम असल्या तर दर १७ मिलीसेकंदाच्या आसपास नवं चित्र येतं, फोन तापून ३० वर आला की तेच ३३ ला येतं, म्हणजे समोरचा तुम्हाला दिसायलाच उशीर. ओळखायची खूण सोपी आहे: पहिली मॅच भारी जाती अन तिसऱ्या-चौथ्याला हात जड होतात, तर गरमी. पहिल्याच मॅचला पहिल्याच पाच मिनिटात मरत असाल तर फोन थंडगार असताना मेलात, गरमीला दोष देऊ नका. खेळताना चार्जर काढा, कव्हर काढा, ग्राफिक्स 'स्मूथ' वर ठेवून फ्रेम रेट 'एक्स्ट्रीम' करा, फोन पेलत नसंल तर एक पायरी खाली पण स्थिर. अन फोन फ्रीजमधी ठेवणारे महाभाग आहेत, त्यांनी कृपा करून ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं अन मग खरंच बोर्ड घेऊन माझ्याकडं यावं लागतं.

राहिला आवाज. ब्लूटूथच्या स्वस्त बड्समधी पावलांचा आवाज उशिरा येतो. वायरवाला हेडफोन शे-दीडशेचा पण चालतो. घामाचं बोट अन जाडजूड स्वस्त ग्लास यानं टच मिस होतो, ग्लास काढून एक मॅच खेळून बघा. बस, फोनचं एवढंच. यातलं काही सापडलं तर दुरुस्त करा. सापडलं नाही तर आता फोन खिशात ठेवा, पुढचं काम त्याच्याबाहेरचं आहे.

हरायचं गणित

चौघांचा स्क्वाड, मॅचमधी शंभर जण, म्हणजे २५ स्क्वाड. सगळे अगदी तोडीस तोड असले तर २५ मॅचमागं एक चिकन डिनर, म्हणजे एक मॅच जिंकणं. उरलेल्या २४ मॅच हरायच्याच आहेत, कितीही चांगलं खेळा. आता जो रोज रात्री पाच-सहा मॅच खेळतो त्याला आठवडाभर एकही चिकन नाही मिळालं तर त्यात जगबुडी काहीच झालेली नाही, हिशोबानं तसं पण होऊ शकतं. पण पोरं असं खेळायलेत की जसं प्रत्येक मॅच जिंकायचीच होती अन कुणीतरी हिसकावून नेली.

मग गोल्डला जमत होतं ते क्राऊनला कामून जमंना? कारण खालच्या रँकला मॅचमधी बॉट, म्हणजे गेमनंच चालवलेले खोटे प्लेअर, भरपूर असतात. ते सरळ रेषेत पळतात, उघड्यावर थांबतात, नेम धरायला येळ देतात. तिथं पंधरा किल झाले की पोराला वाटतं आपून आता स्पर्धेला जायला पाहिजे. वर गेलं की बॉट कमी अन माणसं जास्त, अन ती पण तुमच्यासारखीच खालून गाळून आलेली. बुद्धिबळात अर्पाद एलो नावाच्या प्राध्यापकानं रेटिंगची पद्धत बसवली, फिडेनं, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं, ती १९७० ला घेतली, त्यात पण हेच आहे: जिंकलात की रेटिंग वाढतं, वाढलं की तेवढ्याच ताकदीचा समोर येतो, अन तुमचा जिंकायचा आकडा परत अर्ध्यावर येऊन बसतो. म्हणजे तुम्ही सुधारत असाल तरी हारजीत जवळपास तशीच दिसती. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोरगं आहे तिथंच आहे, अन पोराला पण तसंच वाटतं.

म्हणून हरलो हा आकडा फॉल्ट शोधायच्या कामाचा नाही. कसा हरलो हा कामाचा.

मेल्याची नोंद ठेवा

हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळी गोम इथंच आहे.

माझा भाचा अकरावीला आहे, गंगाखेडहून येऊन आमच्याकडंच राहतो. त्याचं म्हणणं एकच, "मामा, दर मॅचला तिसरा स्क्वाड येतो राव, नशीबच खराब आहे." मी म्हणलं ठीक आहे, नशीब खराब तर खराब, पण लिहून ठेव. दुकानातलं जुनं बिलबुक दिलं त्याला, पाठकोरं, अन सांगितलं की मेला की लगेच, पुढची मॅच लावायच्या आधी, एक ओळ. कुठं मेला, कुठून गोळी आली, अन मरायच्या आधी दहा सेकंद तुझा हात कशावर होता. कारण लिहायचं नाही. कुणाचं नाव लिहायचं नाही. 'टीममेट नूब', म्हणजे टीममेट कच्चा, लिहिलं तर ओळ बाद. 'हॅकर' लिहायचं तर आधी डेथ रिप्ले बघायचा, ती सोय सेटिंगमधी चालू करून ठेवा, अन रिप्लेमधी भिंतीपलीकडून नेम लागत असंल तर खुशाल रिपोर्ट मारा, हॅकर असतात, नाही असं नाही, पण आपल्याला मारणारा प्रत्येक जण हॅकर नसतो.

चार-पाच रात्रीनंतर त्या बिलबुकावर जे होतं त्यातलं थोडं असं (जागांची नावं गेमच्या मॅपवरची; क्रेट म्हणजे मेलेल्याच्या सामानाची पेटी, नॉक म्हणजे पडला पण अजून मेला नाही, झोन म्हणजे आकसत जाणारी सुरक्षित जागा, तिच्याबाहेरचं निळं जीव घेतं):

पोचिंकी, दोन मजली घर. उजवीकडून. क्रेट उघडायलो होतो.
पोचिंकी, रस्त्यावर. मागून. नॉकवाल्याला फिनिश करायलो होतो, मॅगझिन संपली.
रोझोक. उजवीकडून. क्रेट.
झोनमधी, झाडापाशी. दिसलंच नाही. औषध घ्यायलो होतो.
स्कूल. वरून. क्रेट.
जॉर्जोपोल, कंटेनर. डावीकडून. नॉकवाल्याकडं पळायलो होतो.

आता मी काही बोलायची गरजच राहिली नाही. पोरानं सोताच वाचलं, मान खाजवली अन म्हणाला, "मामा, मी क्रेटवर मरायलोय." नेम चांगला होता त्याचा, पहिला माणूस तो पाडायचाच, पण पाडला की त्याला कुत्रं मागं लागल्यासारखं पळायची घाई, फिनिश करायची, लूट बघायची, तेही मॅगझिन अर्धी-रिकामी ठेवून. अन तिसरा स्क्वाड नशिबानं येत नव्हता, तो ह्याच्याच एम-४१६ बंदुकीचा आवाज ऐकून येत होता. सप्रेसर, म्हणजे आवाज दाबायची नळी, न लावता तीसच्या तीस गोळ्या सोडल्या की आजूबाजूच्या सगळ्यांना कळतं की इथं दोन स्क्वाड भांडायलेत अन एक अर्धमेला झालाय, अशा वेळी जवळचा शहाणा माणूस येणारच. तुम्ही पण तेच केलं असतं.

हे लिहून ठेवायचं कामून, आठवत नाही का? आठवतं, पण चिडलेल्या डोक्याला फक्त शेवटची गोळी आठवती. शेवटच्या गोळीला करण्यासारखं काही राहिलेलं नसतं. फॉल्ट दहा-वीस सेकंद आधी असतो, कधीकधी तर विमानातून उडी मारतानाच असतो, सगळं विमान जिथं उतरायलंय तिथंच आपून पण, बंदूक हाताला लागायच्या आधी समोरच्याला लागली, खल्लास. त्याला मरण म्हणायचं नाही, ती सोडत आहे. उतरायची जागा बदला.

सगळ्यांचा फॉल्ट क्रेटच असंल असं काही नाही. कुणी रिलोड करताना उघड्यावर असतं. कुणी एकाच खिडकीतून परत परत डोकावतं, पहिल्यांदा डोकावलं तेव्हा फायदा तुमचा असतो, दुसऱ्यांदा त्याच जागी समोरचा नेम धरूनच बसलेला असतो. कुणी झोन येईपर्यंत लूट गोळा करत बसतं अन मग मैदानातून पळतं. नोंदी झाल्या की सारख्या ओळींचे ढीग करा. जो ढीग सगळ्यात मोठा तोच आपला फॉल्ट, बाकीच्याकडं सध्या बघायचं पण नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला

रिपेरिंगमधी चार्जिंग होईना म्हणून आलेल्या फोनची बॅटरी, पोर्ट अन फ्लेक्स तिन्ही एकदम बदलले अन फोन चालू झाला, तर गिऱ्हाईक खूश होईल पण मला काय झालं होतं ते कळणार नाही, अन पुढच्या महिन्यात तोच फोन परत आला की मी परत अंधारात. गेममधी पोरं नेमकं हेच करतात. हरलं की सेन्सिटिव्हिटी बदल, जायरो (फोन हलवून नेम धरायची सोय) चालू कर, परत बंद कर, तीन बोटाचं चार बोट कर, बंदूक बदल, कुठल्यातरी मोठ्या प्लेअरचा सेन्सिटिव्हिटी कोड उचलून टाक. अरे त्याचा फोन वेगळा, स्क्रीन वेगळी, बोटं वेगळी, त्याच्या हाताला ती सवय वर्षानुवर्षं लागलेली. तुमच्या हाताला एक सेटिंग अंगवळणी पडायला लागती अन तेवढ्यात तुम्ही दुसरी लावता. आता जी आहे ती ठेवा, अगदीच हाताबाहेर नसंल तर महिनाभर हात लावू नका. फॉल्ट सेन्सिटिव्हिटीचा असता तर बिलबुकात 'गोळ्या लागल्याच नाहीत' अशा ओळी जास्त असत्या.

भाच्यासाठी नियम एकच ठेवला: माणूस नॉक झाला की पहिलं रिलोड, कव्हरला जायचं, जागा बदलायची, अन आवाज ऐकत थांबायचं. स्मोक, म्हणजे धुराचा बॉम्ब, असंल तर टाकायचा. क्रेटला हात टीममेटनं "क्लिअर" म्हणल्याशिवाय नाही. त्याला हे शिकायला रँक मॅच कामाची नव्हती, कारण तिथं अर्धा तास खेळून असा प्रसंग एकदा येतो. म्हणून टीडीएम, म्हणजे टीम डेथमॅच. वेअरहाऊसला चार विरुद्ध चार, चाळीस किल झाले की खेळ खल्लास, मेला की लगेच परत उभा, तेवढ्यात मारणं-रिलोड-सरकणं याची सवय हाताला भरपूर वेळा होती. तिथला स्कोर बघायचाच नाही, मारल्यावर जागा सोडली का नाही एवढंच बघायचं.

अन इथं एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नायतर लोक मधीच सोडून देतात. नवीन सवय लावायला गेलं की पहिल्यांदा खेळ बिघडतो. भाच्याचे किल कमी झाले, लूट कमी मिळायली, स्क्वाडवाले म्हणायले "हा काय भित्र्यासारखा खेळायलाय", अन रँक अजून थोडी खाली गेली. त्यानं परत जुन्यावर जायचं ठरवलंच होतं. तुमचं पण होणार. या दिवसात रँक बघून निर्णय घेतला तर चुकीचा निर्णय होतो, बिलबुक बघून घ्या, 'क्रेट' वाल्या ओळी कमी झाल्या का तेवढंच.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमधी ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) हीटमधी, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीत, ८ मिनिटं १८.१२ सेकंद पळाला, तो नॅशनल रेकॉर्ड होता, अन तरी हीटमधी सातवा आला, फायनल हुकली. नंबर बघितला तर घरी परत. घड्याळ बघितलं तर तोपर्यंत एवढं फास्ट कुणी भारतीय पळालेलाच नव्हता. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला ८ मिनिटं ११.२० सेकंद अन सिल्वर, केनियावाल्यांच्या मधी घुसून. टोकियोत तो नुसता नंबरवर रडत बसला असता तर काय सुधारायचं हे त्याला कळलं असतं का? सातवा नंबर हा बाकीच्या सहा जणांवर पण अवलंबून असतो, वेळ आपली असती. रँकचं तसंच आहे.

सोपं खेळून प्रॉब्लेम जात नाही, लपतो

क्राऊनला मार खायलोय म्हणून बरीच पोरं दुसरी आयडी काढतात. नवीन आयडी, ब्राँझ, बॉट, परत पंधरा-वीस किल, जीव गार. तासभर गंमत म्हणून ठीक आहे, पण त्यात जुनी सवय अजून पक्की होती, कारण बॉट तुम्हाला क्रेटवर मारत नाहीत. तिकडं उघड्यावर लूट केली तरी काही होत नाही, हात शिकतो की उघड्यावर लूट केली तरी चालतं. दुसरा प्रकार म्हणजे कॉन्करर, म्हणजे सगळ्यात वरच्या रँकच्या, मित्राला मागं लावून रँक वाढवून घ्यायची, नायतर पैसे देऊन दुसऱ्याकडून आयडी पुश करून घ्यायची. मग आयडी क्राऊनच्या वर ऐसला अन माणूस गोल्डला, मॅच सगळ्या ऐसवाल्या लागायल्या, आधी पाच मिनिटं टिकत होता ते आता दोन मिनिटं. असा एक जण दुकानात आला होता, त्याला पण टचच बघून पाहिजे होता.

त्याच्या उलट करा. आपल्यापेक्षा चांगला खेळणारा एक माणूस गाठा, ओळखीतला, गल्लीतला, कॉलेजमधला, प्रत्येक गावात असतोच एखादा. त्याच्याबरोबर वन व्ही वन, म्हणजे एकास एक, खेळा अन हरा. हरणारच आहात, त्यासाठीच बसलात. मेल्यावर त्याला एकच विचारायचं: "मी तुला पहिल्यांदा कुठं दिसलो?" हा प्रश्न सोन्यासारखा आहे. "मी काय चुकलो" विचारलं तर तो भाषण देतो, अर्धं त्याचंच कौतुक असतं. कुठं दिसलो विचारलं की तो नेमकं सांगतो, "दार उघडलंस ना तेव्हाच", "तू पळत आलास, पावलं ऐकू आली", "दगडाआड होतास पण डोकं वर". आपण कसे दिसतो हे आपल्याला कधी दिसत नाही, मारणाऱ्यालाच दिसतं. अन ती माहिती तो फुकट द्यायला तयार असतो, कामून की त्याला बरं वाटतं.

सुरुवातीला लाज वाटती हे खरं आहे, विशेषतः मारणारा आपल्यापेक्षा वयानं लहान असंल तर. आमच्याकडं आठवीतलं एक पोरगं आहे, दुकानासमोरच्या कट्ट्यावर बसून इंजिनीअरिंगच्या पोरांना झोडपतंय. ती पोरं आधी त्याला "चल निघ, अभ्यास कर" म्हणायची, आता चहा पाजून खेळायला बसवतात.

स्क्वाडमधला आरडाओरडा

स्क्वाड वाइप झाला, म्हणजे चौघं पण मेले, की माइकवर पहिलं वाक्य येतं "ए, तुझ्यामुळं मेलो रे." दुसरा म्हणतो "तू कव्हर दिला असतास तर!" तिसरा शिव्या देतो, चौथ्याची आई हाक मारती म्हणून तो निघून जातो. पुढच्या मॅचला परत तेच चौघं, त्याच जागी. यावर मोठा काही इलाज मी सांगत नाही, एवढंच करा की वाइप झाल्यावर प्रत्येकानं फक्त आपलं सांगायचं, दुसऱ्याचं नाही. "मी लांब होतो", "मी रिव्हाइव्ह करायच्या, म्हणजे पडलेल्याला उठवायच्या, नादात उघड्यावर आलो", "मी ऐकलं होतं पण बोललो नाही". शेवटचंवालं लई वेळा निघतं, पावलं ऐकलेली असतात पण पोरगं बोलत नाही, चुकलं तर हसतील म्हणून. ज्या स्क्वाडमधी चुकीची माहिती दिली म्हणून शिव्या पडतात तिथं हळूहळू कुणी माहितीच देत नाही. बघा तुमच्याकडं असं होतंय का.

चिडल्यावर खेळू नका हे सगळेच सांगतात, ऐकत कुणी नाही, म्हणून मी त्याचा नियम करून टाकलाय: लागोपाठ दोन मॅच लवकर मेलात की त्या रात्री रँक बंद. खेळायचंच असंल तर टीडीएम खेळा. चिडलेला माणूस तिसऱ्या मॅचला सरळ पोचिंकीत उडी मारतो, हे मी शंभर टक्के सांगतो. अठराच्या आतल्यांना तसंही बीजीएमआयमधी दिवसाला तीनच तासाची मर्यादा आहे, अन वडिलांच्या आयडीवर खेळणाऱ्यांना मी ओळखतो, दुकानात वडीलच फोन घेऊन येतात.

अन एक, विषय थोडा वेगळा आहे पण हरलेले लोक तिकडं वळतात म्हणून सांगतो. गेलेले पॉइंट भरून काढायला पैसे लावून खेळायच्या रूम अन ॲपकडं जाऊ नका. ऑनलाइन पैशाच्या खेळांवर २०२५ च्या कायद्यानं देशभर बंदी आणलीय, त्यात ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता आहे, पण एंट्री भरून दुप्पट मिळवायचं आमिष म्हणजे ई-स्पोर्ट्स नाही. तसंच 'नो रिकॉइल' वाल्या, म्हणजे बंदुकीचा झटका घालवणाऱ्या, चीटिंगच्या फायली टाकू नका, पकडलं की आयडीवर दहा वर्षांची बंदी लागती, अन त्या फायलीसोबत फोनमधी काय काय घुसतं ते मी रोज साफ करतो.

परत झालं तर

परत होणारच. सीझन बदलला की सगळ्यांची रँक खाली येती, तेव्हा पहिले काही दिवस मोठे मोठे प्लेअर पण खालीच फिरत असतात, अन तुम्हाला वाटतं आपून सगळं विसरलो. काही विसरला नाहीत, डायमंडच्या मॅचला ऐसवाले आलेत एवढंच. त्या दिवसात खेळायचं तर खेळा पण स्वतःबद्दल मत बनवू नका, गर्दी वर सरकली की मग नोंदी चालू करा. अपडेट आलं, बंदुकीचा रिकॉइल बदलला, नवीन मॅप आला की परत जुने ढीग कामाचे राहात नाहीत, ते फाडून टाका अन पहिल्या ओळीपासून लिहा.

महिनाभर प्रामाणिकपणे लिहूनही एकच ढीग तेवढाच राहिला, तर दोनच शक्यता. एक, ओळी खोट्या लिहायलात, रिप्ले बघून तपासा. दोन, फॉल्ट बरोबर आहे पण नियम चुकीचा लावलाय, मग नियम बदला, फॉल्ट नाही. भाच्याचा पहिला नियम "क्रेटला हातच लावायचा नाही" असा होता, त्यानं तो मरंना पण गोळ्याच नसायच्या शेवटच्या झोनला, मग टीममेटच्या "क्लिअर" वाला केला तेव्हा बसलं.

त्याचं क्रेटवर मरणं आता जवळपास थांबलंय. आता झोनच्या काठावर मरायलाय, गाडी शोधत हिंडतो अन तेवढ्यात निळं येतं. परवा रात्री अकराला येऊन म्हणतो, "मामा, अजून एखादं बिलबुक आहे का?"